न वाचता उठवलेला अंगठा

— एक विद्यार्थिनी, एस. वाय. बी. ए.

माझे आजोबा अंगठा उठवत. सोसायटीचा कागद असो, रेशनचा असो की तलाठ्याकडचा असो, कोणीतरी शाईचा पॅड पुढे करी आणि ते डाव्या हाताचा अंगठा कागदावर टेकवत. मग अंगठ्याची शाई डोक्याच्या केसांना पुसत आणि निघत. कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नसे. जो वाचून दाखवी त्याच्या शब्दावर त्यांची भिस्त असे. "एकदा अंगठा उठला की कागद पक्का," असे ते म्हणत. त्या बोलण्यात धाक होता, तसे थोडे दुःखही होते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. मला सही करता येते, मराठी व इंग्रजी वाचता येते, म्हणजे अंगठ्याचा काळ आमच्या घरापुरता संपला अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि ती समजूत गळून पडली. अंगठा मीही उठवते आणि तोही न वाचता, हे मला तेव्हा कळले. शाईच्या पॅडऐवजी आता भ्रमणध्वनीची काच आहे, एवढाच काय तो फरक. या अनुभवातूनच प्रस्तुत लेखाचा विषय सुचला. आलेला मजकूर, चित्र वा चित्रफीत कशी वाचावी आणि आपण स्वतः काही तयार करून लोकांपुढे ठेवताना कोणती जबाबदारी पाळावी, असा हा विषय आहे. त्याला 'माध्यम-साक्षरता' म्हणतात.

साक्षर कोणाला म्हणावे?

आपल्या जनगणनेत साक्षरतेची एक व्याख्या दिलेली असते. सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत 'समजून' वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. या आकड्याचा आपल्याला अभिमान वाटतो व तो वाटणे योग्यही आहे. परंतु व्याख्येतील 'समजून' या शब्दाकडे आपण फारसे लक्ष देत नाही.

हा शब्द किती महत्त्वाचा आहे हे पाहायचे असेल तर दख्खनच्या दंग्यांचा इतिहास आठवावा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख सावकारांकडील कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या कागदांवर होता. ते कागद हिसकावून जाळण्यात आले. ज्या कागदांवर आपण अंगठे उठवले त्यांत काय लिहिले आहे हे त्या लोकांना कळत नव्हते; कळत होते ते एवढेच, की त्या कागदांमुळे जमीन जाते. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला व १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. त्यात शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा, अशी तरतूद होती. म्हणजे अंगठा उठवण्यापूर्वी मजकूर काय आहे हे एका तिऱ्हाइताने त्याच्यापुढे स्पष्ट करावे, असा त्यामागचा हेतू होता. न वाचता उठवलेला अंगठा किती घातक असतो, हे सरकारलाही तेव्हा मान्य करावे लागले.

आज असा निबंधक आपल्यापुढे बसलेला नाही. जो मजकूर आपण पुढे पाठवतो तो आपल्या नावाने, आपल्या भरवशावर दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. "अमक्याच्या मुलीने पाठवले, ती कॉलेजात आहे, म्हणजे खरेच असणार," असे म्हणून तो वाचला जातो. आपले पाठवणे हीच त्याखालची आपली सही ठरते.

अफवा जुनी, वेग नवा

खोटी बातमी भ्रमणध्वनीने जन्माला घातली, असे समजणे मात्र बरोबर होणार नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात ही वार्ता दिल्लीकडून निघाली आणि त्याच दिवशी देशभर, किंबहुना परदेशांतील मंदिरांपर्यंतही पोहोचली. देवळांपुढे रांगा लागल्या. त्या वेळी भ्रमणध्वनी सामान्यांच्या हाती नव्हता. इंटरनेटही नुकतेच, त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला, लोकांसाठी खुले झाले होते. घरोघरच्या साध्या दूरध्वनीने ते काम केले. द्रवाचा पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे चमच्यातील दूध मूर्तीच्या पृष्ठभागावर ओढले जाते व तिच्यावरून खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी सांगितले. पण तोपर्यंत दूध सांडून गेले होते.

शिकलेली माणसे फसत नाहीत हाही एक गैरसमजच आहे. त्याचा दाखला आपल्या मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासातच आहे. १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू झाली. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत आहे, या भावनेने त्या वेळी लोकमत क्षुब्ध झाले होते. तेथील दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून काही पत्रे पुढे आली आणि या दोन्ही पत्रांनी त्या आधारे दिवाणांवर कडक टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटल्यात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली; तरीही १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली व १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पुढे आगरकरांनी या दिवसांवर पुस्तकही लिहिले.

टिळक आणि आगरकर यांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. मग असे का झाले असावे? मला वाटते, ती पत्रे त्यांना जे आधीपासून खरे वाटत होते त्याच्याशी जुळणारी होती. छत्रपतींविषयीचा कळवळा खरा होता, त्यामुळे पुराव्याची छाननी कमी पडली. आपल्या मताच्या विरुद्ध गोष्ट आली की आपण दहा प्रश्न विचारतो आणि आपल्या मताला धरून आलेली गोष्ट मात्र दार उघडून घरात घेतो. या घटनेपासून आपण शिकण्यासारखी आणखीही एक गोष्ट आहे. चूक झाल्यावर त्या संपादकांना शोधता आले, कारण पत्रावर नाव होते. १८६७ च्या कायद्यानुसार प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण असणे बंधनकारक झाले होते. आजही कोणत्याही दैनिकात हा मजकूर बारीक अक्षरात छापलेला आढळतो. हातोहात फिरणाऱ्या संदेशाखाली असे कोणाचेच नाव नसते. त्याला आई नाही, बाप नाही. तरी तो घराघरांत मानाने शिरतो.

राईनपाडा

या विषयाला मी हौसेचा विषय मानत नाही, याचे कारण राईनपाडा हे गाव आहे.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील हे आदिवासी वस्तीचे गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, असे संदेश व चित्रफिती त्या भागात त्याआधी काही दिवस भ्रमणध्वनीवरून फिरत होत्या. बाजारात पाच अनोळखी पुरुष आले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढीजात मार्ग. लोकांना संशय आला. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारहाण करून पाचही जणांचा जीव घेतला. मुलांना पळवल्याचा कोणताही पुरावा त्यांच्याविरुद्ध नव्हता.

ज्या खोलीत गावाने न्यायनिवाडा करावा, गावसभेचे ठराव लिहावे, त्याच खोलीत हे घडले. त्याच सुमारास मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने काही जणांना घेरले होते. त्यांत एक लहान मूलही होते. तेथे पोलीस वेळेवर पोहोचले म्हणून ते वाचले.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीचा माग नंतर लागला आणि तो विचार करायला लावणारा आहे. रस्त्यावर मुले खेळत आहेत, दुचाकीवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून नेतात, असे तिच्यात दिसते. ही चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची शहरात एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केली होती. मूळ फितीत शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि 'मुलांवर लक्ष ठेवा' अशा आशयाचा फलक दाखवतात. हा शेवट कोणीतरी कापून टाकला. चित्रातील एकही दृश्य बदलले नाही, आवाजही बनावट घातला नाही. थोडासा भाग कापला आणि जागृतीचे दहशतीत रूपांतर झाले. दुसरे उदाहरण त्याहून वाईट आहे. २०१३ मध्ये सीरियात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात मरण पावलेल्या मुलांची चित्रे, 'अवयव काढण्यासाठी मारलेली मुले' म्हणून आपल्याकडे फिरवली गेली. चित्र खरे होते, त्याखालचे दोन वाक्यांचे लेखन खोटे होते.

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिले," हा आपल्याकडे शेवटचा पुरावा समजला जातो. डोळ्यांनी पाहिले ते कोठले, कधीचे आणि कोणी कापून दाखवलेले, हे विचारल्याशिवाय तो पुरावा पुरा होत नाही, हे वरील दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे. आता तर यंत्राच्या साहाय्याने न घडलेला प्रसंग चित्रित करता येतो आणि न उच्चारलेले शब्द एखाद्याच्याच आवाजात ऐकवता येतात. त्यामुळे हा प्रश्न अधिकच अवघड झाला आहे.

राईनपाड्याच्या घटनेनंतर काही उपाय झाले. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेबाबत निर्देश दिले आणि प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे ही जबाबदारी सोपवावी, असे सांगितले. व्हॉट्सअॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास त्याच महिन्यात सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून फार वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. हे उपाय चांगले आहेत. पण शेवटी अंगठा आपलाच असतो.

खोटे का धावते?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील तीन संशोधकांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. त्या सुमारे ३० लाख लोकांनी पसरवल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना दिसून आले. १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. याचे कारण यंत्रे नसून माणसेच आहेत, असेही त्यांचे अनुमान होते. खोटी बातमी नवलाची असते, तिच्याने भय, किळस वा आश्चर्य वाटते. खरी बातमी बहुधा साधी असते.

हे वाचल्यावर मला आमच्या घरातील एक दृश्य आठवले. माझी आई बचत गटात आहे. गटातील बायकांचा भ्रमणध्वनीवर एक समूह आहे. आईला अक्षरओळख जेमतेम. पण आता तिला वाचावे लागत नाही. आवाजाचे संदेश येतात, चित्रफिती येतात. पूर्वी छापील अफवा निरक्षरापर्यंत पोहोचायला मध्ये एखादा वाचणारा लागे. तो निदान दोन शब्द स्वतःचे बोले, "हे काही खरे वाटत नाही," असे म्हणण्याची शक्यता तरी असे. आता मधला माणूस गेला. संध्याकाळी चुलीपुढे बसून आई मला फोन दाखवते आणि विचारते, "हे खरं आहे का गं?" एखाद्या भाजीने कर्करोग बरा होतो, अमुक नोट बंद होणार, अमुक गावी मुले पळवली, असे काहीही त्यात असते. घरात शिकलेली मी एकटी. माझ्या 'हो' वर ती ते पुढे पाठवणार आणि माझ्या 'नाही' वर थांबणार. आपल्या वर्गातील अनेकांच्या घरी हेच घडत असेल. पहिल्या पिढीतील विद्यार्थी हा आज आपल्या घराचा, कित्येकदा आळीचाही संपादक आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. त्याला कोणी नेमलेले नाही आणि कोणी शिकवलेलेही नाही.

माझी चूक

आता ज्या घटनेचा उल्लेख सुरुवातीला केला ती सांगते. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. एके रात्री मला एका परिपत्रकाचे छायाचित्र आले. 'अर्ज भरण्यास मुदतवाढ' असा विषय, खाली सही, शिक्का. मी विषयाची ओळ वाचली, आनंद झाला आणि 'महत्त्वाचे' असा शब्द वर लिहून आमच्या वर्गाच्या समूहावर टाकले. एका मैत्रिणीला उत्पन्नाचा दाखला मिळायचा होता. दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत जाऊन बसायचे तिने ठरवले होते. माझा निरोप वाचून ती गेली नाही, शेतात कांदा काढायला गेली. तीन दिवसांनी दाखला घेऊन ती अर्ज भरायला बसली तेव्हा मुदत संपलेली होती. ते परिपत्रक आदल्या वर्षीचे होते. तारखेतील दिवस व महिना ठळक होते आणि वर्षाचा आकडा घडीवर आल्याने पुसट झाला होता. पण नीट पाहिले असते तर वाचता आला असता.

तिची त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

परिपत्रक खोटे नव्हते. ज्याने ते पहिल्यांदा पाठवले त्याचा हेतूही वाईट नसावा. माझाही नव्हता. राईनपाड्यापूर्वी ज्यांनी 'मुलांना सांभाळा' असे म्हणत चित्रफीत पुढे पाठवली त्यांतील बहुतेकांचा हेतूही मुलांच्या काळजीचाच असेल. हेतू चांगला असला की तपासण्याची गरज नाही, अशी आपली एक सवय असते. तिनेच घात होतो.

कसे वाचावे?

२०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी एक प्रयोग केला. दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक बातमी-तपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना संगणकावरील काही माहितीची विश्वासार्हता ठरवायला सांगितली. त्यांत एकसारखी नावे असलेल्या दोन वैद्यकीय संस्थांची पृष्ठे होती. एक बालरोगतज्ज्ञांची मोठी व मान्यताप्राप्त संस्था होती, दुसरी विशिष्ट मताचा लहान गट. विद्यार्थी आणि काही इतिहासकारही ते पृष्ठ वरपासून खालपर्यंत वाचत राहिले, त्याची मांडणी, बोधचिन्ह, संदर्भ पाहत राहिले आणि चुकले. तपासनीसांनी ते पृष्ठ जवळजवळ लगेच सोडले आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात हे बाहेर शोधले. थोडक्या वेळात त्यांना उत्तर सापडले.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. मुलीचे स्थळ पाहताना आपली वडीलधारी माणसे पाहुण्यांच्या बैठकीतील बोलण्यावर भरवसा ठेवत नाहीत. ती त्या गावातील दुकानदाराला, शेजाऱ्याला, सोयऱ्याला विचारतात. संदेशाच्या बाबतीत हेच करावयाचे आहे. माझ्या चुकीनंतर मी स्वतःसाठी चार प्रश्न ठरवले आहेत.

पहिला प्रश्न, हे मुळात कोणी म्हटले? मला कोणी पाठवले हे महत्त्वाचे नाही, प्रथम कोणी म्हटले ते महत्त्वाचे. परिपत्रक असेल तर ते काढणाऱ्या कार्यालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा आपल्या महाविद्यालयाच्या सूचना फलकावर ते आहे का, हे पाहावे. जावक क्रमांक आणि पूर्ण तारीख वाचावी.

दुसरा प्रश्न, हे कधीचे आणि कोठले? चित्र असल्यास गुगलवर ते चित्र टाकून शोध घेता येतो. तेच चित्र दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या देशाच्या बातमीत आढळले, तर प्रकरण तेथेच मिटते. चित्रफितीतील दुकानांच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक, लोकांची भाषा, पोशाख यांकडे पाहावे.

तिसरा प्रश्न, आणखी कोणी सांगत आहे का? मोठी घटना घडली असेल तर एकाहून अधिक वृत्तपत्रांत ती आलीच पाहिजे. 'हे तुम्हाला कोणीही दाखवणार नाही' असे ज्यात लिहिलेले असते, त्याकडे तर दुप्पट संशयाने पाहावे.

चौथा प्रश्न स्वतःला विचारावयाचा आहे. हे वाचून मला राग, भीती किंवा फार आनंद झाला आहे का? झाला असल्यास थांबावे. एक तांब्या पाणी प्यावे, मग पुन्हा वाचावे. मुदतवाढीच्या आनंदात माझी चूक झाली, हे मी विसरत नाही.

आपण लिहिणारे झालो तेव्हा

इथवर वाचकाचा विचार झाला. आता आपल्यातील अनेकजण केवळ वाचक राहिलेले नाहीत. स्नेहसंमेलनाची चित्रफीत, गावच्या यात्रेचे चित्रण, एखाद्या प्रश्नावरचे निवेदन असे काही ना काही आपण तयार करतो आणि हजारो लोकांपुढे ठेवतो. एके काळी यासाठी छापखाना लागे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले तेव्हा छपाई, कागद, वर्गणीदार यांची केवढी जुळवाजुळव करावी लागली असेल! आज ते सामर्थ्य आपल्या खिशात आहे. सामर्थ्य आले, पण संपादकाची शिस्त त्याबरोबर आपोआप येत नाही. ती आपण आणावी लागते.

या शिस्तीत पहिली गोष्ट संमतीची. अपघातात पडलेला माणूस, रडणारी बाई, वर्गात गोंधळलेला मुलगा यांचे चित्रण करण्यापूर्वी, आपण त्यांच्या जागी असतो तर चालले असते का, हे विचारावे. एखाद्याच्या खाजगी अवयवांचे चित्र त्याच्या संमतीशिवाय काढणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई प्रमाणे गुन्हा आहे. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे. 'न्याय मिळाला पाहिजे' असे लिहून पीडित मुलीचे छायाचित्र फिरवणारे अनेकजण हाच गुन्हा करत असतात.

दुसरी गोष्ट कापण्याची. चित्रफीत लहान करताना जे कापतो त्याने अर्थ बदलतो का, हे पाहावे. कराचीच्या फितीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. तिसरी गोष्ट दुसऱ्याच्या श्रमाची. दुसऱ्याचे चित्र, लेख वा गीत वापरताना परवानगी घ्यावी, निदान नाव द्यावे. यंत्राकडून तयार करून घेतलेले चित्र असल्यास तसे स्पष्ट लिहावे. चौथी आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे दुरुस्ती. चूक झाली की आपण संदेश गुपचूप पुसून टाकतो. पण जे वाचून गेले त्यांचे काय? ज्या ठिकाणी चूक केली त्याच ठिकाणी, तितक्याच ठळकपणे, आपल्या नावाने ती कबूल करावी. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली म्हणून त्यांची थोरवी कमी झाली, असे कोणी म्हणत नाही.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जबाबदारी म्हणजे गप्प बसणे नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ अ हे कलम मोघम असून भाषणस्वातंत्र्यावर घाला घालते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. अन्यायाविरुद्ध लिहावे, बोलावे, दाखवावे. ते खरे असले तर कोणाला ते सहज उडवून लावता येत नाही, म्हणून तरी तपासून लिहावे.

हे शिकवता येते

माध्यमे वाचायला शिकवले पाहिजे हा विचार जुना आहे. जानेवारी १९८२ मध्ये जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे १९ देशांच्या प्रतिनिधींनी युनेस्कोच्या परिषदेत माध्यम-शिक्षणाविषयी जाहीरनामा संमत केला होता. फिनलंडमध्ये २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात बहुविध साक्षरता सर्व विषयांत मिसळली आहे. गणिताच्या तासाला आकडेवारीने दिशाभूल कशी करता येते ते पाहतात, चित्रकलेच्या तासाला चित्राने कशी करता येते ते पाहतात. आपल्याकडे केरळातील कण्णूर जिल्ह्यात लसीकरणाविरुद्ध अफवा पसरल्यानंतर जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' या नावाने खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू केले. पुढे २०२२ मध्ये त्याच नावाने केरळ राज्यातील १९ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना असे शिक्षण देण्यात आले. म्हणजे हे केवळ श्रीमंत देशांना परवडते असे नाही.

आपल्या महाविद्यालयात काय करता येईल? मला तीन साध्या गोष्टी सुचतात. आपल्याकडे भित्तिपत्रक आहेच. त्याच्या एका कोपऱ्यात दर आठवड्याला त्या आठवड्यात सर्वाधिक फिरलेला एक संदेश लावावा आणि तो खरा की खोटा, हे कसे शोधले ते विद्यार्थ्यांनीच लिहावे. निष्कर्षापेक्षा शोधण्याची रीत महत्त्वाची. दुसरे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण श्रमदान करतो, पथनाट्य करतो. त्यात एक संध्याकाळ गावातील बायकांना व वृद्धांना फोनवरील मजकूर कसा पारखावा हे दाखवण्यासाठी ठेवावी. तिसरे, परिपत्रके व सूचना यांची अधिकृत प्रत सूचना फलकावर लागेपर्यंत कोणीही ती वर्गाच्या समूहावर टाकू नये, असा आपण आपापसांत नियम करावा. हा तिसरा उपाय माझ्या मैत्रिणीने सुचवला आहे. शिष्यवृत्ती गेली ती हीच.

आई आता विचारते तेव्हा मी लगेच 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही. "थांब, पाहू या," असे म्हणते आणि तिला शेजारी बसवून शोधते. हे चित्र पूर्वी कोठे आले होते ते दाखवते. परवा तिने बचत गटाच्या समूहावर आलेल्या एका चित्रफितीवर स्वतःच्या आवाजात विचारले, "ही फीत कोणत्या गावची? कोणी पाहिलं?" समूहावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग ज्या बाईने ती टाकली होती तिने उत्तर दिले, "मलाही माहीत नाही, मला आली म्हणून टाकली."

आजोबांना कोणी वाचून दाखवणारे मिळाले नाही. आपल्याला वाचता येते. तेव्हा अंगठा उठवण्यापूर्वी कागद एकदा पुरा वाचावा, एवढेच या लेखातून माझ्या सहाध्यायांना सांगावयाचे आहे.